चपला कोण राखणार?

आमचे काका बोलत नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांची आणि काकांची गाठ फक्त दुकानात पडलेली असते. दुकानात काकांच्या तोंडात चुका असतात. चुका म्हणजे बसक्या डोक्याचे बारीक खिळे. एका हातानं सोफ्यावरचं कापड ताणून धरायचं, जिभेनं एक चूक ओठांवर आणायची, दुसऱ्या हातानं ती लाकडावर टेकवून हातोडीचा टोला द्यायचा, हे काकांचं आयुष्यभराचं काम. अशा माणसानं संभाषण करायचं कधी? म्हणून त्यांनी 'हं'वर सगळा संसार उभारला. आखूड 'हं' म्हणजे हो. लांबवलेला 'हंऽऽ' म्हणजे बघू. आणि नुसताच नाकातून श्वास सोडला, तर गिऱ्हाइकानं आणलेलं कापड पहिल्या धुण्यात जाणार.

काकांनी तोंडातल्या चुका तळहातावर काढल्या, की मात्र घरातल्यांनी हातातलं काम ठेवायचं असतं. काहीतरी मोठं येतंय.

गाद्या आणि सोफे दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळी गल्ली गादीकाका म्हणते. ते कुठंही गेले, तरी बसण्याआधी बैठक अंगठ्यानं दाबून बघतात. दवाखान्यात गेले, तर स्वतःची नाडी डॉक्टरकडे आणि डॉक्टरच्या खुर्चीची नाडी यांच्याकडे. एकदा एका घरी कुणीतरी वारलं म्हणून आम्ही भेटायला गेलो होतो. काका सोफ्यावर टेकले, हात सवयीनं बैठकीकडे गेला, आणि एक सुस्कारा सोडून ते म्हणाले, "आतून पूर्ण खचलंय." घरचे लोक रडायला लागले. इतकं मोजकं आणि मनातलं कुणीच बोललं नव्हतं, असं ते आजही सांगतात. आम्हीही खुलासा केलेला नाही.

तर दर सुट्टीत आमचा सगळा गोतावळा तळ्यावर जातो. काका, काकू, त्यांची धाकटी लेक, काकांची मोठी बहीण म्हणजे माझी आत्या, काकूचा भाऊ म्हणजे आमचा मामा, आणि मी. मामा मिनीबस चालवतो, त्यामुळे तो येतो असं म्हणण्यापेक्षा त्याच्यामुळे आम्ही जातो. तळ्यावर एक बोटवाला आहे. त्याच्या बोटी भाड्यानं घ्यायच्या, पाण्यात फिरायचं, भूक लागली की काठावर यायचं, असा आमचा कार्यक्रम.

गेल्या वर्षी काकूच्या डाव्या गुडघ्यानं घोटाळा केला. तो गुडघा हल्ली वाकायला तयार नसतो. त्याची मर्जी सांभाळून काकूला बसावं-उठावं लागतं. बोटवाल्याच्या बोटीत बसायला काय, तर एक आडवी फळी, तळापासून वीतभर. काकूनं एक पाय आत टाकला, बोट डुलली, गुडघा अडला, आणि बोटवाला काठावरून सगळ्यांच्या देखत ओरडला, "आजी, राहू द्या! तुम्ही इथंच बसा निवांत, चपला राखा सगळ्यांच्या!"

काकूनं अजून एकाही नातवंडाचं तोंड पाहिलेलं नाही. केस काळे आहेत, आणि ते खरेच काळे आहेत. पण ती हसली. "बरं झालं बाई, मला तरी कुठं हौस आहे," म्हणाली आणि काठावरच्या दगडावर, आमच्या चपलांच्या ढिगाशेजारी जाऊन बसली. ती हसली म्हणून आम्ही सगळे हसलो आणि वल्ही मारत निघून गेलो. काका तेवढे हसले नाहीत. माणूस बसतो कसा, यावर ज्याचं पोट चालतं, त्यानं तिला त्या दगडावर बसताना पाहिलं होतं.

यंदाची बैठक नेहमीप्रमाणे दुकानात भरली. आमच्याकडे बैठक म्हणजे अक्षरशः बैठक. जो तो गिऱ्हाइकांच्या अर्धवट उसवलेल्या सोफ्यांवर बसतो. आत्या एका बिनस्प्रिंगच्या कोचात इतकी खोल गेली होती, की तिचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं येत होतं.

"टपावर यंदा काय काय चढवायचंय ते आत्ताच सांगा," मामा म्हणाला. "आयत्या वेळी कुणी गाद्या आणल्या, तर मी गाडी काढणार नाही."

"माझी घडीची खुर्ची आणि मोठी छत्री," काकू म्हणाली. "एवढं चढव, मग बाकीचं राहिलं तरी चालेल."

तेव्हा काकांनी तोंडात हात घातला. एकेक चूक तळहातावर आली. आत्या कोचातून वर यायची धडपड करू लागली.

"यंदा आपण आपली बोट न्यायची," काका म्हणाले.

"आपली? कुठली आपली?"

"बनवतो."

"अरे, तुला पोहता येत नाही!" आत्या ओरडली.

"पोहता येत नाही, त्याच्यासाठीच बोट असते. पोहणाऱ्याला काय करायचीय?"

"भावोजी," मामानं समजुतीचा सूर लावला, "तळ्यावर बोटी भाड्यानं मिळतात. हॉटेलात जेवायला जाताना घरून शेगडी नेतं का कुणी?"

"हं," काका म्हणाले. तोंडात चुका नसताना त्यांनी 'हं' म्हटलं, की वाद घालण्यात अर्थ नसतो.

"आणि बोट पालथी घातली की टप संपला. मग अक्काची खुर्ची-छत्री ठेवू कुठं? माझ्या मांडीवर?"

"मग खुर्चीच जाऊ दे," काकूनं निकाल दिला. "अहो, हे काय खूळ घेतलंय डोक्यात? तुम्ही सगळे जाल पाण्यात. मला चपला राखायला बसायचं, तर बूड टेकायला काहीतरी हवं ना?"

असं म्हणून ती हसली. तेच गेल्या वर्षीचं हसू. काकांनी तिच्याकडे पाहिलं, तळहातावरच्या चुका पुन्हा तोंडात टाकल्या आणि पाठ फिरवून ठोकायला लागले. चांगलं ठोकलेलंच ते पुन्हा ठोकत होते.

शेवटी मामानं तोड काढली. "असं करा भावोजी. आधी बोट बनवा, आम्हाला पाण्यात तरंगवून दाखवा. तरंगली तर टपावर बोट. नाही तरंगली, तर अक्काची खुर्ची. मंजूर?"

"हं," काका म्हणाले. आखूड.

बाकीचे गेल्यावर धाकटीनं आणि मी त्यांना गाठलं. "बाबा, खरं सांगा, हे कुणासाठी चाललंय?" ती म्हणाली. काकांनी कापड झटकलं, कातर टांगली आणि मग म्हणाले, "तिच्या मापाची बैठक त्या बोटवाल्याकडे नाही. आपल्याकडे आहे. पण तिला बोलू नका. बोट बुडाली, तर ती पुन्हा तशीच हसेल. मला ते बघवायचं नाही."

त्या क्षणापासून आम्ही दोघं बोटीला बांधले गेलो.

दुकानामागच्या पडवीत काम सुरू झालं. शेजारच्या सुतारानं सांगाडा उभा करून दिला, त्यावर ट्रकची जाड ताडपत्री ताणली. ताणण्याच्या बाबतीत काकांना काही सांगायला लागत नाही. त्या ताडपत्रीवर थाप मारली की ती तबल्यासारखी वाजायची. धाकटी पोहण्याच्या तलावावर पोहायला शिकवते, त्यामुळे पाण्याकडची बाजू तिची. "बाबा, तळ रुंद हवा. उंच खुर्ची ठेवलीत, तर कलंडेल." मग दोन्ही बाजूंना गोंदाचे रिकामे प्लास्टिकचे डबे, झाकणं घट्ट लावून, ओळीनं बांधले. ते नागडे डबे काकांना बघवेनात. त्यांनी त्यांना रेक्झिनचे अभ्रे शिवले. आता बोटीला दोन्हीकडून लोड-तक्के टेकवल्यासारखे दिसत होते. बोट जलविहाराला निघालीय की बैठकीला, ते कळेना.

ही बातमी लपून राहण्यासारखी नव्हतीच. गल्लीतला प्रत्येक जण यायचा, ताडपत्रीवर टिचकी मारायचा आणि सल्ला द्यायचा. एक जण तर म्हणाला, मागे गाडीसारखा आरसा लावा. दुरुस्तीला आलेले सोफे भिंतीशी रांगेनं उभे राहून वाट बघत होते. आणि गंमत म्हणजे, ज्यांनी विरोध केला, त्यांनाच जास्त चेव चढला. आत्या एके दिवशी बगलेत रेक्झिनचा तागा मारून आली. "निळी बोट करू नकोस रे. पाणी निळं, बोट निळी. हरवली तर शोधायची कशी? केशरी घे, लांबून दिसेल." मामा येऊन बोटीची लांबी वितीनं मोजून गेला. काय करतोयस विचारलं, तर म्हणे, "काही नाही, कोळिष्टक होतं."

एकटी काकू पडवीत फिरकली नाही. तिचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी तिची एक हातांची उंच खुर्ची होती. घरात ती एकच अशी होती, जिच्यातून ती कुणाचा हात न धरता उठू शकायची. काकांनी ती 'खिळखिळी झालीय' म्हणून उचलून नेली होती, आणि ती काही परत येत नव्हती.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," काकू भाजी चिरता चिरता मला सांगायची. "गावभर गाद्या घालतात, आणि बायको बसलीय पत्र्याच्या डब्यावर! विचारलं की 'हं'. अरे, एका खुर्चीला किती दिवस लागतात?"

मी मान खाली घालून चहा प्यायचो. बोलायला लागलो असतो, तर सगळंच बोललो असतो.

परीक्षेचा दिवस उजाडला. धाकटीकडे पोहण्याच्या तलावाच्या किल्ल्या होत्या. लोक यायच्या आत, सकाळीच उरकायचं ठरलं. काकूलाही, रुसलेली असली तरी, आत्यानं ओढून आणलं. मिनीबसच्या टपावरून बोट आणली. वर एक चादर टाकली होती. मामा म्हणाला, "भावोजी, पुतळ्याचं अनावरण आहे का?" मी काकांकडे नीट बघितलं, तर गाल फुगलेले. ठोकायला काहीही नसताना, नुसत्या धास्तीनं, हा माणूस तोंडात चुका भरून आला होता!

आम्ही बोट पाण्यात ढकलली. ती एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे झुकली, आणि मग दोन्ही लोडांवर रेलून ऐसपैस बसली. तरंगली! धाकटीनं पाण्यातूनच शिट्टी वाजवली. आत्यानं टाळ्या पिटल्या, मग आपण विरोधी पक्षात आहोत हे आठवून पदर सारखा केला. काकांनी चादर ओढली.

"अहो!" काकू किंचाळली. "ही तर माझी खुर्ची!"

तिचीच होती. बोटीच्या मधोमध, तळाच्या फळीला घट्ट बांधलेली. तीच उंची, तेच हात, फक्त अंगावर केशरी रेक्झिन. आणि नुसती खुर्चीच नव्हे, बोटीचे आतले सगळे काठ गुबगुबीत गादीनं मढवलेले, त्या गादीवर ओळीनं सुरेख बटणं.

काकांनी चुका काढून खिशात टाकल्या. "बसून बघ," म्हणाले.

"पाण्यात?"

"पाणी बाहेर आहे. तू तुझ्या खुर्चीत बसायचंस."

धाकटी पाण्यात उभी राहून बोट धरून होती. आम्ही काकूला तरंगणारं जाकीट चढवलं. तिनं पाय आत टाकला. बोट डुलली नाही. खुर्चीचा हात तिच्या हाताला सवयीच्या जागी सापडला, ती वळली आणि बसली. पाठ टेकली. डावा पाय आपोआप लांब झाला आणि जिथं तो थांबायला हवा, बरोबर तिथं, टाचेखाली एक छोटी गादी होती.

काकूनं त्या गादीकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं.

"हे माझ्यासाठी?"

"हं," काका म्हणाले.

आत्याचे डोळे भरून आले. काकूचे येणारच होते, पण तेवढ्यात तिनं टाच उचलली. "अहो, पाय भिजतोय."

बघतो तर काय, आतल्या प्रत्येक बटणाच्या पोटातून पाण्याची एकेक बारीक धार निघालेली.

"अरे, कारंजी पण बसवलीस का?" आत्या म्हणाली.

"बाबा!" धाकटी ओरडली. "मी शिवणी रबरानं बंद केल्या, तेव्हा ही बटणं नव्हती!"

"गादी सरकली असती गं," काका पुटपुटले. "बटणाशिवाय गादी नागवी दिसते... हात गेला."

हात गेला म्हणजे काय, ते आम्हाला एका क्षणात कळलं. सोफ्याच्या पाठीला बटण लावायचं, तर लांब दाभण गादीतून आरपार घालायचा आणि मागच्या बाजूला गाठ मारायची. काकांचा हात जन्मभर हेच करत आलाय. शेवटच्या दिवशी, सगळं झाल्यावर, शोभेसाठी म्हणून त्यांनी दाभण घेतला आणि गादीतून ताडपत्रीच्या पलीकडे, आरपार, मनापासून बटणं लावली. सोफ्याची मागची बाजू भिंतीला लागते. इथं मागच्या बाजूला तळं लागणार होतं, हे हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

काका तलावाच्या कठड्यावर बसले. बैठक न दाबता बसले. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"संपलं," मामा हळूच म्हणाला. त्यालाही वाईट वाटलेलं दिसत होतं. "ठरल्याप्रमाणे खुर्ची-छत्री. अक्का, चल, हात दे. उतर."

"कशाला?" काकू म्हणाली.

"अगं, बुडतेय बोट!"

"बुडेल तेव्हा बुडेल. मी आत्ता कुठं नीट बसलेय." तिनं खुर्चीचे दोन्ही हात पकडले. "काय गं, इथं खोल किती आहे?"

"कमरेएवढं, आई."

"मग एक फेरी मारून आण मला."

"आई, पाणी भरतंय!"

"म्हणूनच म्हणते, लवकर मार."

धाकटीनं बोट ढकलायला सुरुवात केली. तो देखावा मी जन्मात विसरणार नाही. केशरी बोटीत, उंच खुर्चीत, घोट्यापर्यंत पाण्यात आमची काकू, दोन्ही बाजूंना कारंजी उडताहेत, आणि ती एखाद्या राणीसारखी मान वळवून दोन्ही तीर न्याहाळतेय. पलीकडच्या टोकाला पोचल्यावर तिनं हात हलवला. आत्यानं नकळत उलट हात हलवला. मामा तर कठड्याकठड्यानं बोटीबरोबर पळत होता आणि "पाठ सरळ ठेव अक्का, पाठ सरळ!" म्हणून ओरडत होता. का, ते त्यालाच ठाऊक.

परत येईस्तोवर पाणी पोटरीपर्यंत चढलं होतं. काकू उतरली, साडी पिळली आणि काकांसमोर उभी राहिली. काकांनी मान वर केली नाही.

"टपावर बोटच जाईल," ती म्हणाली.

"अक्का, पण भोकं..."

"ज्याला इतकी नीट, ओळीनं भोकं पाडता येतात, त्याला ती बुजवता येत नाहीत होय? आणि माझ्या घडीच्या खुर्चीचं काय करायचंय? माझी खुर्ची तर बोटीतच आहे." मग काकांकडे वळून, आवाज उतरवून, "बटणं मात्र ठेवा हं. छान दिसतात. गाठी तेवढ्या आतल्या आत मारा."

काकांनी खिशातून चुका काढल्या आणि एकदम मूठभर तोंडात टाकल्या. बोलावं लागू नये म्हणून ते असं करताहेत, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

त्यानंतर पडवीत जे सुरू झालं, त्याला काम म्हणणं कठीण आहे. आत्या भोकं शोधायची, धाकटी रबर लावायची, मी ठिगळं कापायचो, मामा पाणी ओतून बघायचा आणि एक थेंब जरी दिसला तरी शत्रू सापडल्यासारखा ओरडायचा. काकू पत्र्याच्या डब्यावर बसून चहा पाठवायची आणि डब्याबद्दल आता चकार शब्द काढत नव्हती. बोट पुन्हा तलावात उतरवली, धाकटी आत उड्या मारून आली, तळाची फळी कोरडी ठणठणीत. मामानं टपावर स्वतःच्या हातानं दोर आवळले. भर रस्त्यात लोक मान वर करून बघायला लागले, तसा तो वेग कमी करत गेला, म्हणजे नीट दिसावं.

तळ्यावर पोचलो, तेव्हा बोटवाला आपल्या बोटी पुसत होता. आमची बोट उतरताना बघून त्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्यानं खुर्ची पाहिली, लोड पाहिले, बटणं पाहिली. बाकीचे आम्ही त्याच्याच बोटी घेणार होतो, त्यामुळे तोंड उघडायची त्याची हिंमत नव्हती.

काकू खुर्चीत बसली. समोर धाकटी वल्ही घेऊन. बोट भरली.

"आणि तुम्ही?" काकूनं एकदम विचारलं. "तुमची जागा कुठाय?"

काका बघतच राहिले. एवढी मापं घेतली, उंची, हात, पाठ, टाच. पण त्या बोटीत स्वतःला बसायला जागा करायची, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चपला कोण राखणार?" ते म्हणाले आणि बोटीला हलकेच धक्का दिला.

आम्ही इतर जण मागून निघालो, पण आमच्या बोटीकडे बघतोय कोण? तळ्याच्या मधोमध एक केशरी ठिपका सरकत होता आणि त्यातून काकूचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता, "वन्सं, इथून डोंगर पूर्ण दिसतो हो! पूर्ण!" आत्या फळीवर अवघडून बसली होती. "हो, हो, पुरे आता," ती म्हणाली आणि मला हळूच विचारलं, "त्याला अजून एक खुर्ची बसवता येईल का रे?"

परत येताना आमची भाड्याची बोट आधी काठाला लागली. काका त्याच दगडावर, चपलांच्या ढिगाशेजारी बसले होते, आणि डोळ्यांवर हात धरून पाण्याकडे बघत होते. बोटवाला घुटमळत त्यांच्याजवळ आला.

"आजोबा, तुम्ही नाही गेलात होय? काठावरच?"

"हो," काका म्हणाले. तोंडात एकही चूक नव्हती, आणि चेहरा असा, की कुणी त्यांना सिंहासनावर बसवलंय. "आज चपला माझ्याकडे आहेत."

मग त्यांनी ढिगातून आत्याची चप्पल उचलली, तळ अंगठ्यानं दाबून पाहिला, आणि सुस्कारा सोडला.

"आतून पूर्ण खचलंय."